दार लावून केलेली प्रार्थना

तंजावरला जाणारा मराठी माणूस सहसा दोन गोष्टी पाहून परततो. एक, भोसल्यांचा राजवाडा व त्याच्या आवारातील सरस्वती महाल ग्रंथालय. दुसरी, बृहदीश्वराचे देवालय आणि त्याच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख. या देवालयापासून हाकेच्या अंतरावर, शिवगंगा तलावाजवळच्या बागेत, एक साधे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर आहे. तिकडे फार थोडे लोक वळतात. जे वळतात त्यांना आत एक संगमरवरी शिल्प दिसते. जॉन फ्लॅक्समन या प्रख्यात इंग्रज शिल्पकाराचे ते काम. एक वृद्ध धर्मोपदेशक मृत्युशय्येवर पडला आहे आणि शेजारी उभा असलेला मराठा राजा त्याचा हात आपल्या हातात घेऊन त्याच्याकडे पाहत आहे. तो उपदेशक म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ आणि तो राजा म्हणजे दुसरे सरफोजी.

हे मंदिर सरफोजींनी १७७९ साली आपल्या गुरूसाठी बांधले, असे प्रवाशांसाठीच्या पुस्तिकांत कधीकधी छापलेले आढळते. परंतु सरफोजींचा जन्मच १७७७ चा. मंदिर उभे राहिले ते त्यांचे दत्तक पिता तुळजाजी राजे यांच्या कारकीर्दीत. शिल्प मात्र सरफोजींनीच इंग्लंडातून करवून आणले. विशेष हे की, सरफोजींनी बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. आपल्या कुळाची दैवते त्यांनी अखेरपर्यंत पूजिली. १८२० ते १८२२ या काळात मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रा केली. मग आपल्या धर्माबाहेरच्या एका उपदेशकाचे स्मारक त्यांनी एवढ्या ममतेने का उभारावे? कृतज्ञता, हे एक उत्तर झाले आणि ते खरेही आहे. परंतु त्या कृतज्ञतेच्या मुळाशी काय होते हे पाहू लागलो म्हणजे ख्रिस्ती जीवनाच्या एका अशा अंगाशी आपण येऊन पोहोचतो की, ज्याविषयी बाहेरच्या जगात फारसे बोलले जात नाही. भक्ताचे आपल्या देवाशी असलेले खाजगी, अंतरीचे नाते, हे ते अंग होय. ते नाते कसे जोपासले जाते आणि ते खरे आहे हे कशावरून ओळखावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांतात झाला. त्यांच्या जन्मापूर्वीच्या दोन शतकांत त्या देशाने धर्माच्या नावाने पुष्कळ सोसले होते. ज्याचे राज्य त्याचा धर्म, असा तह तेथील राजेरजवाड्यांनी १५५५ साली केला होता. राजाने पंथ बदलला की प्रजेने बदलावा किंवा गाव सोडावे. पुढे १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धाने गावेच्या गावे ओस पडली. युद्ध संपले, चर्चच्या वह्यांत लोकांची नावे पुन्हा रीतसर नोंदली गेली. परंतु काही विचारी माणसांच्या मनात एक प्रश्न उरला. वहीत नाव आहे, रविवारी माणूस नेमाने चर्चमध्ये बसतो, धर्मसिद्धांत त्याला तोंडपाठ आहेत. पण या सगळ्यात त्याची आणि देवाची भेट होते काय?

हा प्रश्न फिलिप याकोब स्पेनर या धर्मगुरूने १६७५ साली एका छोट्या पुस्तकात जाहीरपणे मांडला. त्यातून जी चळवळ निघाली तिला ‘पायटिझम’ असे नाव पडले. मराठीत आपण तिला भक्तिमार्गी चळवळ म्हणू. तिचे म्हणणे साधे होते. श्रद्धा वारसाहक्काने मिळत नाही आणि राजाज्ञेनेही येत नाही; ती ज्याची त्याने मिळवावयाची असते. त्यासाठी बायबल धर्मगुरूंच्या हाती ठेवून चालणार नाही. ते घरोघर, चारचौघांच्या लहान बैठकीत वाचले जावे, त्यावर मोकळेपणी बोलले जावे आणि वाचलेले आपल्या वागणुकीला लावून पाहिले जावे. हाले या गावी आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांनी या विचाराला संस्थेचे रूप दिले. अनाथालय, शाळा, छापखाना, औषधशाळा असा तो पसारा होता. याच हालेहून बार्थोलोमेयुस त्सीगेनबाल्ग १७०६ साली कावेरीच्या मुखाजवळ तरंगंबाडीच्या डॅनिश वखारीत येऊन उतरले. त्यांनी आधी तमिळ शिकून घेतली, नवा करार तमिळमध्ये उतरवला आणि तेथेच छापला. माणसाने देवाशी स्वतः बोलावयाचे तर ते त्याच्या आईच्या भाषेतच बोलता आले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. श्वार्ट्झ याच परंपरेत वाढले आणि १७५० साली या किनाऱ्यावर आले. पुढची ४८ वर्षे त्यांनी येथेच काढली. मायदेशी ते परत गेले नाहीत.

या परंपरेत देवाशी नाते जोडण्याची जी रीत होती, ती तशी कोणालाही समजण्याजोगी आहे. तिचे चार भाग सांगता येतील.

पहिला एकांताचा. डोंगरावरील प्रवचनात येशूने शिष्यांना सांगितले आहे की, लोकांना दिसावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नका. आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोला. ख्रिस्ती साधनेतील एकांताचे सारे महत्त्व या उपदेशात आहे. दार लावल्यावर माणसाला कोणाला काही दाखवावयाचे उरत नाही. तेथे पाठ केलेली स्तोत्रे चालतात. पण स्वतःच्या तोडक्यामोडक्या शब्दांनाही तितकाच मान असतो.

दुसरा भाग वाचनाचा. हे वाचन माहितीसाठी केलेले नसते. एखादा उतारा घ्यावा, तो सावकाश वाचावा आणि हे वाक्य आज मला उद्देशून असेल तर त्याचा अर्थ काय, असे स्वतःला विचारावे. घरून आलेले पत्र आपण जसे दोनदा वाचतो तसे हे वाचन आहे.

तिसरा भाग आत्मपरीक्षणाचा. दिवस संपताना आपले बोलणे, वागणे, मनातले हेतू यांचा देवासमोर हिशेब द्यावयाचा. आम्हा सरकारी नोकरांना हिशेबतपासणी ठाऊक असते आणि तपासनीस येण्यापूर्वी कागद कसे नीट लावून ठेवले जातात हेही ठाऊक असते. येथे ते साधत नाही, कारण ज्याच्यापुढे कागद ठेवावयाचे त्याने ते आधीच वाचलेले असतात, अशी श्रद्धा आहे. परंतु ही तपासणी शिक्षेसाठी नाही. ख्रिस्ती भक्ताचा देव हा पिता आहे. क्षमा मागण्यापूर्वीच तो ती करावयास सिद्ध असतो. हे जर विसरले, तर आत्मपरीक्षणाचे रूपांतर स्वतःला टोचत राहण्याच्या सवयीत होते. भय आणि विश्वास यांच्यामधील हा तोल सांभाळणे ही या साधनेतील सर्वांत नाजूक गोष्ट आहे.

चौथा भाग कामाचा. सकाळी श्वार्ट्झ आपल्या सहकारी तमिळ उपदेशकांना जमवीत, त्यांच्यासह प्रार्थना करीत आणि त्यांना गावोगाव पाठवीत. सायंकाळी ते परतले की दिवसभर काय घडले ते ऐकून घेऊन पुन्हा प्रार्थनेने दिवस पुरा करीत. दोन प्रार्थनांच्या मध्ये दिवसाचे काम असे. अंतरीचे नाते खरे की खोटे, याची परीक्षा या मधल्या वेळात होई.

आणि परीक्षा झाली ती कठीण झाली. तंजावरचे राज्य तेव्हा अर्काटचा नवाब, ईस्ट इंडिया कंपनी आणि म्हैसूरचा हैदर अली यांच्या कात्रीत सापडले होते. १७७३ साली तुळजाजींची गादी गेली, १७७६ साली ती परत मिळाली. अशा काळात कोणाचाही कोणावर विश्वास उरत नाही. कंपनीने १७७९ साली हैदर अलीकडे बोलणी करण्यासाठी श्वार्ट्झ यांना श्रीरंगपट्टणास पाठविले. हैदर अलीला इंग्रजांच्या शब्दाचा भरवसा वाटत नव्हता, या पाद्रीच्या शब्दाचा वाटत होता. निघताना हैदरने त्यांना वाटखर्चासाठी ३०० रुपये दिले. श्वार्ट्झ यांनी ते मद्रासच्या सरकारापुढे ठेवले. सरकारने ते तुम्हीच ठेवा म्हटल्यावर ती रक्कम तंजावरच्या गरीब मुलांच्या शाळेसाठी लावली. पूर्वी तिरुचिरापल्लीच्या पलटणीचे धर्माधिकारी म्हणून त्यांना वर्षाला १०० पौंड मिळू लागले, तेव्हाही त्यांनी अर्धी रक्कम आपल्या मंडळीच्या कामाला दिली होती.

शिष्टाई मात्र फुकट गेली. १७८० साली हैदर अली कर्नाटकात उतरला. तंजावरच्या किल्ल्यात उपासमार सुरू झाली. खेड्यांत धान्य होते, परंतु ते आणावयास बैल नव्हते. कारण शेतकऱ्यांना पूर्वीच्या खेपांचे दाम मिळालेले नव्हते. राजाच्या आज्ञेला आणि कंपनीच्या वचनाला आता किंमत राहिली नव्हती. तेव्हा राजाने श्वार्ट्झ यांना शब्द टाकावयास सांगितले. त्यांनी पैसे आपण देऊ अशी हमी घेतली, आणि दोनतीन दिवसांत हजारावर बैल हजर झाले. त्यांच्या पाठीवरून सुमारे ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. श्वार्ट्झ यांनी कबूल केल्याप्रमाणे प्रत्येकाचा पैसा चुकता केला. पुढे जुलमाला कंटाळून देशोधडीस लागलेले सुमारे ७,००० शेतकरी त्यांच्याच शब्दावर आपल्या शेतांकडे परतले.

श्रोतेहो, या शेतकऱ्यांनी श्वार्ट्झ यांचा धर्म स्वीकारला नव्हता. त्यांच्या खोलीतली प्रार्थना त्यांनी कधी ऐकली नव्हती. पण दार लावून जो माणूस रोज आपला हिशेब देतो, तो दार उघडल्यावर आपल्याला फसविणार नाही, एवढे त्यांना अनुभवाने कळले होते.

आता सरफोजींकडे वळू. तुळजाजींनी १७८७ साली मृत्यूपूर्वी या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याला श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन करू लागले. श्वार्ट्झ यांनी राज्यकारभाराची ती जबाबदारी घेतली नाही. राजाचे सावत्र बंधू अमरसिंह यांना पालक नेमावे असा सल्ला दिला. पुढे अमरसिंह स्वतःच गादीवर बसले आणि दत्तक मुलाचे हाल सुरू झाले. त्याला कोंडून ठेवले गेले, त्याचे शिक्षण थांबले. श्वार्ट्झ यांनी कंपनीकडे वारंवार दाद मागितली. अखेर १७९३ साली मुलाला सुरक्षिततेसाठी मद्रासला नेण्यात आले आणि तेथे श्वार्ट्झ यांचे सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण चालू झाले. सल्ला चुकू शकतो, प्रार्थना करणाऱ्याचाही चुकू शकतो, हे येथे दिसते. चुकीच्या परिणामाची जबाबदारी टाळली गेली नाही, हेही दिसते.

पण मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. एक निराधार राजपुत्र, त्याच्यावर पित्यासारखी माया करणारा एक मिशनरी आणि पाठीशी कंपनीचे बळ. त्या मुलाला ख्रिस्ती करून घेणे अवघड होते काय? श्वार्ट्झ यांनी आपली श्रद्धा त्याच्यापासून लपविली नाही आणि ती त्याच्यावर लादलीही नाही. ज्या देशात राजाचा धर्म प्रजेवर लादला गेला त्या देशातून आलेल्या या माणसाला, आतले नाते बळाने जुळत नाही हे पुरते ठाऊक असावे. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारले. सरफोजी अंत्यदर्शनास आले तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत. त्याच वर्षी ते गादीवर बसले. आपल्या गुरूच्या थडग्यासाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत पद्य रचले, आणि पुढे राजवाड्यातील ग्रंथालय, शाळा, छापखाना, रुग्णांची सेवा यांत जो जीव ओतला तो आपण जाणतोच. शिष्य गुरूच्या धर्मात गेला नाही, तरी गुरूच्या आतले काहीतरी त्याच्यापर्यंत पोहोचले.

या चित्राला एक काळी बाजू आहे, ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. याच तंजावरच्या ख्रिस्ती मंडळीत उच्च जातीचे आणि तथाकथित खालच्या जातीचे लोक वेगवेगळे बसत. एकाच पित्याची प्रार्थना दोन बाजूंनी होई. श्वार्ट्झ यांच्या काळात ही चाल मोडली गेली नाही. त्यांच्याच हाताखाली वाढलेले वेदनायगम शास्त्री हे तमिळ ख्रिस्ती भक्तिकाव्याचे थोर कवी. त्यांची पदे आजही दक्षिणेत गायिली जातात. परंतु नव्या मिशनऱ्यांनी जातिभेद काढावयाचे ठरविले तेव्हा या भक्तकवीने जुन्या चालीची बाजू घेतली. १८२९ साली त्यांचे मिशनमधील काम सुटले आणि सरफोजींनी त्यांना दरबारात आश्रय दिला. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमध्ये जातिभेद चालणार नाही असे फर्मावले, तेव्हा तंजावरात मोठी खळबळ उडाली. अंतःकरणात देवाविषयी खरे प्रेम असूनही शेजारी बसणाऱ्या माणसाविषयी ते प्रेम आटलेले असू शकते, हा यातला धडा फार कडू आहे. एकांताचा हा धोका आहे. लावलेले दार देवासाठी असते. कधी नकळत ते माणसाच्या तोंडावर लावले जाते.

तंजावरातील ही भक्ती तमिळ भाषेत बहरली. मराठीत तिला सापडलेला आवाज म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. टिळक वचनापुरतेच वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्ती झाल्यावर परक्या चालीची भाषांतरित गीते गाऊन त्यांचे समाधान होईना. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ रचावयास घेतले, टाळमृदंगाच्या साथीने कीर्तने केली. १९१७ साली मिशनचे पगारी काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्याला तेथे जागा होती. त्सीगेनबाल्ग यांनी तमिळविषयी जे ओळखले होते तेच टिळकांनी मराठीविषयी ओळखले.

तंजावरच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मात्र मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त सापडते. पती ख्रिस्ती झाले तेव्हा त्या कोसळून पडल्या. पुढे पाच वर्षे आपल्या धर्मात राहिल्या, एकत्र राहू लागल्यावरही सोवळेओवळे पाळीत राहिल्या. टिळकांनी त्यांना थांबू दिले. मग एके दिवशी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की, या जाती देवाने केल्या की माणसांनी? उत्तर आतून आले, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे प्रथम शेजाऱ्याला लावलेले दार उघडले आणि त्यानंतर विधी झाला. कोणी त्यांच्यावर बळ केले नाही, म्हणूनच ते उत्तर त्यांचे स्वतःचे ठरले.

हे नाते एकदा जुळले म्हणजे कायमचे जुळले, असे कोणत्याही अनुभवी ख्रिस्ती साधकाने सांगितलेले नाही. प्रार्थना कोरडी पडते, वाचन नीरस वाटते, महिनेच्या महिने उत्तर येत नाही. अशा वेळी भावना परत येण्याची वाट न पाहता नेम चालू ठेवावा, असेच जुने लोक सांगत आले. थोडा वेळ, पण रोजचा. थोडे वाचन, पण सावकाश. दिवसाचा खरा हिशेब. आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या माणसाशी आदल्या दिवसापेक्षा थोडे बरे वागणे. यांत असे काही नाही की जे कचेरीत, शेतावर किंवा स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसाला परवडू नये.

शिरगणतीच्या कागदावर धर्मासाठी एक रकाना असतो. तो भरावयास क्षणभर पुरतो, आणि शासनाला तेवढी नोंद पुरेशी असते. पण त्या रकान्यात जे मावत नाही त्याची नोंद माणसे आपापल्या परीने ठेवीत असतात. तंजावरच्या शेतकऱ्यांनी ती आपले बैल पाठवून ठेवली; एका राजाने ती संगमरवरात कोरवून ठेवली.